परदेशातली नोकरी आणि आपली ओळख : विविधतेचं पोस्टर नको, सगळ्यांना सारखा नियम हवा

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याच दिवशी त्यांनी सरकारी कार्यालयांतले 'डीईआय', म्हणजे विविधता, समता आणि समावेश यांचे कार्यक्रम बंद करण्याचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक आदेश निघाला. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांवर समान संधीची जबाबदारी टाकणारा १९६५ चा जुना आदेश त्याने रद्द केला. पुढच्या काही महिन्यांत अनेक बड्या खासगी कंपन्यांनीही आपले हे विभाग गुंडाळले किंवा त्यांची नावं बदलली.

ही बातमी वॉशिंग्टनची असली तरी तिची चर्चा आपल्या घरांतही झाली. पुण्यात हिंजवडीला, नवी मुंबईत ऐरोलीला किंवा बीकेसीत अमेरिकी कंपन्यांत काम करणारी मुलंमुली आता मुस्लिम मराठी घरांतही आहेत. काही जण थेट न्यू जर्सी किंवा टेक्सासला आहेत. त्यांच्या आईवडिलांना साहजिकच प्रश्न पडतो, की जुम्याला आता सोडतील का? रमजानमध्ये शिफ्ट बदलून मिळेल का? हिजाब घालणाऱ्या मुलीला मुलाखतीत काही वेगळं ऐकावं लागेल का?

या प्रश्नांचं उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक म्हणजे कंपनीच्या भिंतीवरचं विविधतेचं पोस्टर, ईदला येणारा शुभेच्छांचा ईमेल, दिवाळीला ऑफिसात लागणारे आकाशकंदील. दुसरी म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, सुट्टीचा नियम, पगाराची पट्टी, तक्रारीची खिडकी. पहिली गोष्ट मन प्रसन्न करते, पण माणूस टिकतो तो दुसरीमुळे. आणि पहिली गोष्ट सरकार बदललं, साहेब बदलला की एका रात्रीत जाऊ शकते.

अमेरिकेत पोस्टर उतरलं, कायदा उरला

डीईआय विभाग बंद झाले म्हणजे कामाच्या ठिकाणचा धर्मभेद कायदेशीर झाला, असा अनेकांचा समज झालाय. तो चुकीचा आहे. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे आणि त्याचं सातवं प्रकरण नोकरीविषयी आहे. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही, असं ते सांगतं. १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना ते लागू होतं. १९७२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कर्मचाऱ्याच्या धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करून देणं ही मालकाची जबाबदारी ठरली. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संसदेचा कायदा रद्द होत नाही. तो आजही जागेवर आहे.

उलट, २०२३ मध्ये तो जास्त भक्कम झाला, आणि तेही एका ख्रिस्ती पोस्टमनमुळे. पेनसिल्व्हेनिया राज्यातले जेराल्ड ग्रॉफ हे श्रद्धाळू ख्रिस्ती. रविवार हा इबादतीचा दिवस, त्या दिवशी काम करणार नाही, ही त्यांची भूमिका. टपाल खात्याने रविवारीही पार्सलं पोहोचवायला सुरुवात केली आणि वाद उभा राहिला. शेवटी ग्रॉफ यांनी नोकरी सोडली आणि ते कोर्टात गेले. तोवर १९७७ च्या एका निकालामुळे मालकांचं फावत होतं. सोय करून देताना अगदी किरकोळ खर्च येतोय एवढं सांगितलं तरी भागत होतं. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की, असं चालणार नाही. सोय नाकारायची असेल तर त्यामुळे धंद्यावर मोठा भार पडतो हे मालकाने दाखवलं पाहिजे.

आता हाच निकाल शुक्रवारची नमाज मागणाऱ्या मुस्लिम इंजिनिअरच्या कामी येतो, शनिवार पाळणाऱ्या ज्यू कारकुनाच्या येतो आणि पगडी घालणाऱ्या शीख चालकाच्याही येतो. ख्रिस्ती माणूस लढला, पण हक्क सगळ्यांचा रुंदावला. नियम सगळ्यांसाठी एकच असला की असं होतं.

नियम कागदावर स्पष्ट नसेल तर काय होतं, याचं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. कोलोराडो राज्यात फोर्ट मॉर्गन इथे कारगिल कंपनीचा मांस प्रक्रिया कारखाना आहे. तिथे सोमालियातून आलेले शेकडो मुस्लिम कामगार होते. मशीनची लाईन चालू असताना सगळे एकदम नमाजला जाऊ शकत नव्हते. एका वेळी एक-दोघांनी जाऊन यायचं, अशी पद्धत होती. डिसेंबर २०१५ मध्ये ती सोय बंद झाल्याचं कामगारांचं म्हणणं पडलं. धोरण बदललेलंच नाही, असं कंपनी म्हणत राहिली. कामगार कामावर आले नाहीत आणि सुमारे दीडशे जणांच्या नोकऱ्या गेल्या. प्रकरण समान रोजगार संधी आयोगाकडे गेलं. २०१८ मध्ये १३८ कामगारांना मिळून १५ लाख डॉलर देण्यावर तडजोड झाली. कंपनीने चूक मान्य केली नाही.

पैसे मिळाले, पण तीन वर्षं गेली. या वादाचं मूळ पाहिलं तर ते द्वेषापेक्षा वेळापत्रकात जास्त दिसतं. दहा मिनिटांची रजा द्यायची की नाही हे त्या दिवशीच्या सुपरवायझरच्या मर्जीवर राहिलं, तर आज मिळालेली सोय उद्या मिळेलच असं नाही. ज्याच्या हातात ड्युटीचा तक्ता, त्याच्याच हातात खरी विविधता असते.

आपल्या आजोबांच्या जहाजावर काय होतं?

हा धडा आपल्या समाजाला नवा नाही. 'आंतरराष्ट्रीय कार्यसंस्कृती' हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी कोकणातले मुसलमान आंतरराष्ट्रीय ठिकाणी काम करत होते. रत्नागिरी आणि आसपासच्या बंदरपट्ट्यातल्या किती घरांत आजही जुन्या खलाशी आजोबांचं 'नल्ली', म्हणजे बोटीवरच्या नोकरीचं सर्टिफिकेट, पेटीच्या तळाशी जपून ठेवलेलं असतं.

पी अँड ओ सारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटी पाहा. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, प्रवाशांच्या जेवणघरात गोव्याचे ख्रिश्चन आणि वर अधिकारी गोरे. डेकवरच्या लोकांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल आणि जेवण रांधायला त्यांचा स्वतःचा भंडारी. हलालचा प्रश्नच नव्हता, कारण चूलच वेगळी होती. आजच्या एखाद्या कंपनीच्या जाहिरातीत हे चित्र टाकलं तर लोक वाहवा करतील. एका बोटीवर इतके धर्म, इतक्या भाषा!

पण याच खलाशांचं करारपत्र वेगळं होतं. त्याच बोटीवर त्याच समुद्रात काम करणाऱ्या गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी होता आणि झोपायला माणशी जागाही कमी दिली जायची. सारंग कितीही जाणता असला तरी त्याला बोटीचा अधिकारी होता येत नव्हतं. म्हणजे विविधता भरपूर होती, चूल सांभाळली जात होती, धर्मात ढवळाढवळ नव्हती. पण सगळ्यांना सारखा नियम नव्हता. वेगवेगळी माणसं एका छताखाली आणून प्रत्येकाला आपापल्या खणात बसवणं म्हणजे समावेश नाही, हे आपल्या आजोबांनी अंगावर काढलंय.

आखात : धर्म जुळला, पासपोर्ट आडवा आला

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आपल्या माणसांचा रस्ता समुद्राकडून वाळवंटाकडे वळला. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, तिकडे भिवंडी आणि मुंब्रा. अनेक गावांतली पक्की घरं, मदरसे, मशिदींचे मिनार हे कुवेत, सौदी आणि दुबईच्या पैशांतून उभे राहिले. तिथे अजान कानावर पडायची, हलालची चौकशी करावी लागत नव्हती, रमजानमध्ये सगळं शहरच रोजा धरायचं.

पण तिथेही आपल्या माणसाला एक गोष्ट लवकरच कळली. एकाच सफेत उभं राहून नमाज पढणाऱ्या दोघांचा पगार एकच असेल असं नाही. तेच काम, तोच अनुभव, पण पासपोर्ट कोणत्या देशाचा यावर पगार ठरायचा. युरोपियनचा एक, अरबाचा एक, हिंदुस्थानी-पाकिस्तानीचा एक आणि नेपाळी-बांगलादेशीचा आणखी खाली. ही उतरंड आजही पूर्ण गेलेली नाही. त्यात कफील पद्धत. नोकरी बदलायची तर मालकाची परवानगी, घरी जायचं तर मालकाचा कागद.

बदल झाले ते भाषणांनी नाही, नियमांनी झाले. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या नाहरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून महिना १००० रियाल हा किमान पगार लागू केला. तो कोणत्याही देशाच्या कामगाराला आणि घरकामगारालाही सारखाच. सौदीने मार्च २०२१ मध्ये काही अटींवर मालकाच्या परवानगीविना नोकरी बदलायची मुभा दिली, पण घरकामगार, घरचे चालक, माळी, मेंढपाळ यांना तेव्हा त्यातून वगळलं. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर राहिला. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने वंश, रंग, लिंग, धर्म, मूळ देश, सामाजिक मूळ आणि अपंगत्व यांवरून भेदभावाला मनाई केली. अबुधाबीच्या न्याय विभागाने २०१९ मध्ये कामगार खटल्यांसाठी अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदी ही तिसरी भाषा केली. आपल्या तक्रारीच्या कागदावर काय लिहिलंय, हे सही करणाऱ्याला कळावं, एवढी साधी गोष्ट. पण एखाद्या सुताराच्या किंवा गवंड्याच्या दृष्टीने ती कुठल्याही सहिष्णुता महोत्सवापेक्षा मोठी.

अमिरातीच्या दोन नियमांकडे जरा नीट पाहू. पहिला रमजानचा. खासगी क्षेत्रात रमजानमध्ये रोजचं काम दोन तासांनी कमी होतं. रोजा असलेल्यांचंही आणि नसलेल्यांचंही. सौदीच्या कायद्यात रमजानची सहा तासांची मर्यादा मुस्लिम कर्मचाऱ्यांसाठी आहे. अमिरातीत ती सवलत सगळ्यांना मिळते, त्यामुळे 'यांना सूट आणि आमच्यावर ओझं' ही कुरबुर उरत नाही.

दुसरा शुक्रवारचा. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या संघीय सरकारने शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुट्टी केली, कारण जगाचा व्यापार त्या तालावर चालतो. पण शुक्रवारी काम दुपारी बारालाच संपवायचं ठरवलं आणि जुम्याच्या खुतब्याची वेळ तेव्हा सव्वाएक अशी एकच ठेवली. व्यापारही राहिला, जुमाही राहिला. दोन गरजा समोरासमोर आल्या की एकीचा बळी द्यावाच लागतो असं नाही. तक्ता बदलला की पुष्कळदा भागतं.

आता रस्ता जर्मनीकडे

तिसरी पिढी आता वेगळ्या दिशेला निघाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी महाराष्ट्रातून १० हजार कुशल तरुण पाठवण्याचं ठरलं. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. ती १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याचं जाहीर केलं. तिथे म्हातारी माणसं वाढताहेत, काम करणारे हात कमी पडताहेत.

आखातात जे जुळत होतं ते जर्मनीत जुळणार नाही, आणि आखातात जे नव्हतं ते जर्मनीत मिळेल. हा उलटा हिशेब आपल्या घरांनी निघण्याआधीच समजून घेतला पाहिजे.

आधी वेळेचं पाहू. डिसेंबरमध्ये श्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास मगरिब होते. जोहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजा कामाच्या वेळेत येतात. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. जुमा हिवाळ्यात साडेबारा-एकच्या सुमारास आणि उन्हाळ्यात दीड-दोनला. म्हणजे एकदा मागितलेली सोय वर्षभर पुरत नाही. ऋतूप्रमाणे वेळ सांगावी लागते आणि तिथल्या साहेबाला हे आपोआप ठाऊक असेल असं धरून चालत नाही.

सुट्टीच्या हिशेबाने काय होऊ शकतं हे जर्मनीने पूर्वी पाहिलंय. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार करार केला आणि लाखो तुर्क कारखान्यांत आले. हे पाहुणे आहेत, जातील परत, असं सगळ्यांनी धरलं होतं. ऑगस्ट १९७३ मध्ये कलोन शहरातल्या फोर्ड कारखान्यात सुमारे ३०० तुर्की कामगारांना कामावरून काढलं. कारण, ते उन्हाळी सुट्टीवरून उशिरा परतले. गाडीने तुर्कस्तानातल्या गावी जायचं आणि यायचं यातच कितीतरी दिवस जायचे. सुट्टीचा नियम जवळ घर असलेल्यांच्या मापाने कापलेला होता. हजारो कामगारांनी संप केला आणि तो मोडून काढला गेला. आज जर्मनीत सुमारे ५५ लाख मुस्लिम राहतात. 'पाहुणे' राहिले, नातवंडं झाली, आणि देशाला नियम नव्याने लिहावे लागले.

त्या नव्या नियमांत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, २००६ चा सामान्य समान वागणूक कायदा. धर्म किंवा वंश यावरून नोकरीत भेदभाव झाला तर भरपाई मागता येते, पण साधारण दोन महिन्यांच्या आत लेखी दावा करावा लागतो. 'बघू, नंतर बोलू' म्हणत बसलं तर हक्क हातून जातो. दुसरी, कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. त्याला तिथे 'बेट्रिब्सराट' म्हणतात. किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते निवडता येतं. कामाच्या वेळा, मधल्या सुट्ट्या आणि रजेचं नियोजन यांत या मंडळाला मालकाच्या बरोबरीने बोलायचा कायदेशीर अधिकार आहे. आपल्या आजोबांच्या सारंगाला जे कधी मिळालं नाही, ते इथे नेपाळी कामगारालाही मिळतं आणि आपल्यालाही.

हिजाबचा प्रश्न झाकून ठेवू नका

युरोपात जाणाऱ्या मुलींच्या घरी हा विषय उघडपणे बोलला गेला पाहिजे. अमेरिकेत कायदा तुलनेने स्वच्छ आहे. कपड्यांच्या अबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीने समंथा इलाउफ या मुलीला हिजाबमुळे नोकरी नाकारली, तेव्हा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तिच्या बाजूने कौल दिला.

युरोपचं तसं नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये दोन निकाल दिले. एका निकालाने सांगितलं की, सर्वच धार्मिक, राजकीय खुणांना बंदी घालणारा तटस्थतेचा नियम खासगी कंपनी करू शकते. दुसऱ्याने सांगितलं की, 'ग्राहकाला हिजाबवाली नको' एवढ्या कारणावर नोकरी घालवता येत नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या दोन प्रकरणांत त्याच न्यायालयाने आणखी अट घातली. असा नियम करायचा तर कंपनीला त्याची खरी गरज दाखवावी लागेल आणि तो सगळ्यांना सारखा लावावा लागेल. मोठ्या, ठळक दिसणाऱ्या खुणांनाच बंदी आणि गळ्यातला छोटा क्रॉस चालेल, असा दुजाभाव करता येणार नाही. जर्मनीच्या स्वतःच्या कामगार न्यायालयाने तर २००२ मध्येच एका दुकानातल्या विक्रेतीची नोकरी केवळ हिजाबमुळे काढून घेणं अवैध ठरवलं होतं.

परिचर्येच्या कामाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक बारीक बाब आहे. जर्मनीतली बरीच रुग्णालयं आणि वृद्धाश्रम ख्रिस्ती धर्मसंस्था चालवतात. तिथे नियम वेगळे आहेत. २०१४ मध्ये जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने सांगितलं की, अशा संस्थेतल्या कर्मचाऱ्याकडून किमान तटस्थ वागणुकीची अपेक्षा करता येते आणि कामावर हिजाब घालणं सामान्यतः त्यात बसत नाही. म्हणून एजंटाने 'जर्मनीत नर्सची नोकरी' एवढंच सांगितलं तर ते पुरेसं नाही. रुग्णालय शहराचं आहे, खासगी कंपनीचं आहे की चर्चचं, आणि पोशाखाचा नियम काय आहे, हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारायचं. तिथे पोहोचल्यावर, कर्ज डोक्यावर असताना हा प्रश्न मुलीपुढे उभा राहिला तर ती निवड राहत नाही, कोंडी होते.

मागणाऱ्याने द्यायलाही शिकावं

इथवर आपण मागणाऱ्याच्या बाजूने बोललो. पण आपला माणूस कायम मागणाराच असतो असं नाही. आखातात चाळीस-पन्नास वर्षं काढल्यावर आपल्यातले कित्येक जण फोरमन, स्टोअरकीपर, साईट सुपरवायझर, एचआर मॅनेजर झालेत. त्यांच्या हाताखाली नेपाळी आहेत, फिलिपिनो आहेत, मल्याळी, तमिळ, श्रीलंकन आहेत. दशैंला नेपाळी मुलगा सुट्टी मागतो तेव्हा तक्ता आपल्या माणसाच्या हातात असतो. ख्रिसमसच्या रात्रीची शिफ्ट फिलिपिनो बाईच्याच नावावर टाकायची की आपण घ्यायची, हे तोच ठरवतो.

आणि घरी? भिवंडीच्या यंत्रमागांवर, मदनपुऱ्याच्या आणि धारावीच्या कारखान्यांत, मुंब्र्याच्या बेकऱ्यांत मालक आपला असतो आणि कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा, तेलंगणाचा असतो. छठ पूजेला गावी जाऊन आठ दिवसांनी उशिरा आलेल्या कामगाराचं आपण काय करतो? कलोनच्या फोर्ड कारखान्याने केलं ते? ट्रेनचं तिकीट मिळत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

सूरह हुजुरातमधला, माणसं वेगवेगळ्या कौमींत आणि कबिल्यांत आहेत ती एकमेकांना ओळखण्यासाठी, हा आशय आपण खुतब्यात अनेकदा ऐकतो. ओळखणं म्हणजे नुसतं नाव-गाव विचारणं नाही. समोरच्याचा सण कधी आहे, तो काय खात नाही, कुठल्या दिवशी त्याचं मन घरी असतं, हे तक्ता लिहिण्याआधी ठाऊक असणं म्हणजे ओळखणं. नियम सगळ्यांना सारखा हवा असं आपण परदेशात म्हणतो, तर आपल्या कारखान्यात तो सारखा आहे ना, हे आधी पाहावं लागेल. नाहीतर मुद्दा न्यायाचा राहत नाही, फक्त आपल्या सोयीचा उरतो.

घरात बसून करता येण्यासारखं

मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की आपण लोणची बांधतो, दुआ देतो, विमानतळावर अर्धं मोहल्लं जातं. त्याच आठवड्यात आणखी काही कामं करता येतील.

करारपत्र पूर्ण वाचा. कामाचे तास, शिफ्ट, रजा, पोशाख, राहण्याची सोय आणि नोकरी सोडण्याच्या अटी यांखाली पेन्सिलने खूण करा. मुलाखतीत आखातासाठी वेगळे प्रश्न आणि युरोपसाठी वेगळे. आखातात विचारायचं, की या पदाचा पगार ठरलाय की पासपोर्ट पाहून ठरणार? युरोपात विचारायचं, की पोशाखाचा नियम लेखी आहे का, आणि तो सगळ्यांना आहे का?

भाषेला कमी लेखू नका. जर्मनीत परिचारिकेला साधारण बी-टू पातळीची जर्मन लागते, ती फक्त परीक्षेपुरती नाही. आपलं म्हणणं नीट मांडता आलं नाही तर सहकाऱ्याला ते हट्ट वाटतं. नीट मांडलं तर ती गरज वाटते. दोन्हींत शब्दांचाच फरक असतो.

सोय मागताना लेखी मागा आणि सोबत तोडगाही द्या. 'मला जुम्याला सोडा' यापेक्षा 'शुक्रवारी मला दुपारी एक तास हवा, त्या बदल्यात मी सकाळी एक तास लवकर येईन, आणि तुमच्या ख्रिसमसच्या दिवशी ड्युटी करीन' हे सांगणं जास्त लवकर पटतं. यात लाचारी नाही, हा सरळ व्यवहार आहे. ऑफिसच्या पार्टीत बिअरला नाही म्हणा, पण पार्टीलाच नाही म्हणू नका. लिंबूपाणी हातात धरून दोन तास बसलेला माणूस सहकाऱ्यांना आपला वाटतो. जो कधीच बसला नाही, त्याच्यासाठी तक्ता बदलायला कोणी धावत नाही.

आणि प्रत्येक नकाराला भेदभाव म्हणू नका. ऑपरेशन थिएटरमधली नर्स मधेच नमाजला जाऊ शकत नाही, हा भेदभाव नाही. पण बाकी सगळ्यांना सिगारेटसाठी दहा मिनिटं मिळतात आणि नमाजसाठी मिळत नाहीत, तर तो भेदभाव असू शकतो. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. कोर्टात आठवणीपेक्षा वही चालते.

मोहल्ला कमिट्या, आपल्या वेलफेअर संस्था आणि शाळांनीही करिअर मार्गदर्शनात एक तास यासाठी द्यायला हरकत नाही. बायोडाटा कसा लिहायचा हे सगळेच शिकवतात. कामगार कायदा कसा वाचायचा, हे कोणीच शिकवत नाही. आखातात पंचवीस वर्षं काढून परतलेले चाचा आणि मामू आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कफीलशी त्यांनी कसं निभावलं, पगार अडकला तेव्हा कुठल्या खिडकीवर गेले, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं दुसरं पुस्तक नाही.

अमेरिकेतले विभाग उद्या पुन्हा उघडतील किंवा उघडणार नाहीत. जर्मनीतलं सरकार मवाळ होईल किंवा कडक होईल. यातलं काही आपल्या हातात नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या हातात तक्ता असेल तेव्हा नियम वाचून, लेखी, सभ्यपणे आपला हक्क मागायचा. आणि तक्ता आपल्या हातात येईल तेव्हा आपल्या नावाआधी समोरच्याच्या सणाची तारीख त्यावर लिहायची.